तीन तारे आणि चोवीस कोटी: एका ग्रीक लग्नाच्या परीक्षणांचं प्रकरण

समीक्षकांनी झोडपलेले सिनेमे तुफान चालतात आणि त्यांनी डोक्यावर घेतलेले आपटतात, यात नवीन काही नाही. २००२ सालच्या 'माय बिग फॅट ग्रीक वेडिंग'चं प्रकरण या दोन्ही खणांत बसत नाही, म्हणून ते अभ्यासायला घ्यावंसं वाटलं. या सिनेमाला कुणी झोडपलं नव्हतं. बऱ्यापैकी मार्क देऊन, पाठीवर थाप मारून मंडळी पुढच्या सिनेमाकडे वळली होती. गोम त्या थापेत आहे. समीक्षकांना सिनेमा ज्या कारणांसाठी आवडला किंवा खटकला, ती कारणं आणि लोक आईबापांना घेऊन दुसऱ्यांदा थिएटरात जाऊन बसले ती कारणं, यांचा मेळच बसत नाही.

परीक्षणं लिहिणाऱ्यांची नावं एक अपवाद सोडता इथे दिलेली नाहीत. कुणाचं भाकीत चुकलं हे मोजायचं नाहीये. लिहिताना त्यांच्यापुढे वाटा कोणत्या होत्या, त्यांतली कोणती धरली गेली आणि पुढे काय झालं, एवढंच पाहायचं आहे.

पार्श्वभूमी

निया वार्डालोस ही कॅनडातल्या विनिपेगची, ग्रीक घरातली मुलगी. 'सेकंड सिटी' या विनोदी नाट्यसंस्थेत तयार झालेली नटी. लॉस एंजेलिसला आल्यावर मनासारखी कामं मिळेनात, तेव्हा तिनं स्वतःच्या घरातलेच किस्से घेऊन एकपात्री प्रयोग उभा केला. मालमसाला भरपूर होता. तिचा नवरा, अभिनेता इयान गोमेझ, ग्रीक नव्हता. लग्नासाठी त्यानं ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाची दीक्षा घेतली होती. १९९७ साली अभिनेत्री रीटा विल्सननं हा प्रयोग पाहिला. ती स्वतः ग्रीक वंशाची. तिनं नवऱ्याला, म्हणजे टॉम हँक्सला, प्रयोग दाखवला आणि त्यांच्या प्लेटोन या कंपनीनं सिनेमा करायचं मनावर घेतलं.

त्याआधी स्टुडिओंकडून विचारणा झाल्या नव्हत्या असं नाही. पण प्रत्येकाच्या अटी होत्या. ग्रीकऐवजी इटालियन कुटुंब करा, म्हणजे जास्त लोकांना कळेल. नायिका म्हणून नाव असलेली नटी घ्या. वार्डालोसनं दोन्ही गोष्टींना नकार दिला. या प्रकरणातला हा पहिला निर्णय, आणि परीक्षणांवर त्याचा परिणाम थेट झाला. ज्या बारीकसारीक तपशिलांचं पुढे कौतुक झालं, ते सगळे या नकारामुळे वाचले होते.

सिनेमा सुमारे ५० लाख डॉलरमध्ये झाला. स्टार असलेल्या हॉलिवूडच्या प्रेमकथांचा खर्च तेव्हा याच्या कितीतरी पट असे. गोष्ट शिकागोतली, चित्रीकरण मुख्यतः टोरांटोत. दिग्दर्शक जोएल झ्विक. टीव्हीवरच्या विनोदी मालिका दिग्दर्शित करण्यात त्यांची हयात गेलेली. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण समीक्षकांनी ती अजिबात नजरेआड होऊ दिली नाही.

कथा दोन ओळींची आहे. तिशीला आलेली तूला पोर्तोकालोस बापाच्या 'डान्सिंग झोरबाज' या हॉटेलात राबते. घरच्यांना तिचं लग्न ग्रीक मुलाशी करून द्यायचंय आणि ती पडते इयान मिलर नावाच्या, ग्रीक नसलेल्या, वर शाकाहारी असलेल्या शिक्षकाच्या प्रेमात. घरच्यांची नाराजी, मुलाची चर्चमध्ये दीक्षा, व्याह्यांची भेट, लग्न.

पेच

१९ एप्रिल २००२ रोजी सिनेमा उत्तर अमेरिकेतल्या अवघ्या १०८ थिएटरांत लागला. वितरक होती आयएफसी फिल्म्स, छोट्या स्वतंत्र सिनेमांसाठी ओळखली जाणारी कंपनी. पहिल्या आठवडाअखेरीचा गल्ला सुमारे सहा लाख डॉलर. दोनच आठवड्यांनी, ३ मे रोजी, 'स्पायडर-मॅन' आला आणि पहिल्या आठवडाअखेरीतच दहा कोटी डॉलरच्या पुढे गेला. असं करणारा तो पहिलाच सिनेमा. पाठोपाठ 'स्टार वॉर्स'. आता एखाद्या वर्तमानपत्राच्या सिनेमाच्या पानाचा विचार करा. त्या हंगामात या ग्रीक लग्नाला किती जागा मिळणार होती? दोन परिच्छेद, फार तर तीन.

जागेच्या टंचाईपेक्षाही मोठी अडचण निराळी होती. सिनेमा विकला जात होता 'रोमँटिक कॉमेडी' म्हणून, आणि रोमँटिक कॉमेडीचं परीक्षण लिहायची एक ठरलेली रीत आहे. दोघं भेटतात, मध्ये काहीतरी अडथळा येतो, ताटातूट होते, शेवटी मिलन. अडथळा किती चतुर, ताटातूट किती खरी, मिलन किती गोड, यावर मार्क. इथे नायक पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणतो. दीक्षा घ्यायची? हो. चर्चमध्ये हवा भरून फुगवलेल्या, लहान मुलांच्या पोहण्याच्या टबात उभं राहून अंगाला तेल चोपडून घ्यायचं? हो. सासुरवाडीचे सगळे लोक एकदम अंगावर आले तरी हसून हो. जॉन कॉर्बेटचा हा इयान इतका समजूतदार आहे की प्रेमकथेत भांडायला विषयच उरत नाही. मग परीक्षण लिहिणाऱ्यानं करायचं काय?

समोरच्या वाटा

त्या वेळची परीक्षणं आज एकत्र वाचली तर साधारण चार पवित्रे दिसतात.

पहिला पवित्रा कारागिरीचा. कॅमेरा जागचा हलत नाही, प्रसंग टीव्ही मालिकेसारखे कापलेत, दर मिनिटाला एक विनोद टाकायची घाई आहे, सबब हा मोठ्या पडद्यावरचा 'सिटकॉम' आहे. हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा आला. माझ्या मते तो बहुतांशी खराही आहे. विंडेक्सचा विनोद घ्या. कोणत्याही दुखण्यावर बाप काच पुसायचा फवारा मारतो. पहिल्यांदा हसू येतं, चौथ्यांदा आपल्याला आधीच कळतं की आता बाटली निघणार.

दुसरा पवित्रा साचेबद्धपणाचा. ग्रीक म्हणजे आरडाओरडा करणारे, खाऊ घालणारे, अंगणात पुतळे उभारणारे; मिलर म्हणजे गोरे, श्रीमंत, निर्जीव. दोन्हीकडची व्यंगचित्रं. इथे एक गंमत सांगायला हवी. बापाचं काम करणारे मायकेल कॉन्स्टँटाइन ग्रीक वंशाचे होते, पण आई झालेली लेनी कझान ज्यू घरातली आणि थिया वूला (थिया म्हणजे मावशी-आत्या) झालेली अँड्रिया मार्टिन आर्मेनियन वंशाची. त्या ग्रीक दिसतात की फक्त 'मोठ्या कुटुंबातल्या' दिसतात, हा प्रश्न विचारायला वाव होता. पण साचेबद्धपणावर बोट ठेवणारी परीक्षणं त्या खोलात न जाता शेरा मारून पुढे गेली.

तिसरा पवित्रा जिव्हाळ्याचा. नामवंत अमेरिकन समीक्षक रॉजर इबर्ट यांनी चारपैकी तीन तारे दिले. यातली माणसं खरीखुरी वाटतात, अशक्य देखणी नाहीत, तिशीची नायिका नीट राहिली तर छान दिसते एवढंच, आणि तेच सुखावणारं आहे, असा त्यांचा रोख होता. त्यांनी वजन टाकलं ते माणसांवर, प्रेमकथेच्या सांगाड्यावर नाही. सगळ्या परीक्षणांत मला हीच वाट सर्वांत उपयोगाची वाटते.

चौथा पवित्रा अंदाजाचा. 'ज्यांना असलं आवडतं त्यांना हे आवडेल.' हे वाक्य लिहिलं की समीक्षक मोकळा होतो. आवडलं असंही म्हणावं लागत नाही, नाही असंही नाही. पण 'असलं' म्हणजे नेमकं काय, हे सांगणं हेच तर त्याचं काम होतं.

पाचवीही एक वाट होती, ती जवळजवळ मोकळीच राहिली. हा सिनेमा प्रेमकथा म्हणून न पाहता बापलेकीची गोष्ट म्हणून पाहायची वाट. तसं पाहिलं तर इयानचं सारखं 'हो' म्हणणं ही पटकथेची ढिलाई राहत नाही. तो अडला असता, चिडला असता, रुसला असता तर गोष्ट त्याची झाली असती. तो बाजूला सरतो म्हणून समोरासमोर उरतात तूला आणि गस, म्हणजे मुलगी आणि बाप. मुलीनं कॉलेजात कॉम्प्युटर शिकायचं ठरवलं की बाप डोळ्यांत पाणी आणतो, हिला मला सोडून जायचंय म्हणतो. तिला ट्रॅव्हल एजन्सीत नोकरी करायची आहे हे सरळ सांगितलं तर घर डोक्यावर घेईल, म्हणून आई आणि थिया वूला समोर बसून असा डाव रचतात की ती कल्पना आपल्यालाच सुचली असं त्याला वाटावं. खरा अडथळा हा आहे आणि तो नायक यायच्या आधीपासून आहे.

मराठी वाचकाला हे फार समजावून द्यावं लागू नये. आपल्याकडच्या लग्नघरात नवरानवरीचं भांडण क्वचितच होतं. मानपान, आवतणं, कुणाला विचारलं आणि कुणाला नाही, यावर जे पेटतं ते मोठ्यांमध्ये.

जेवणाचा प्रसंग जवळून

हा मुद्दा पडताळायला एकच प्रसंग पुरेसा आहे. तूला आईबापांना बजावते की इयानचे आईवडील येणार आहेत, शांत जेवण हवं. मिलर दांपत्य गाडीतून उतरतं तर समोरच्या अंगणात अख्खं कोकरू सळईवर भाजलं जातंय, शेजारीपाजारी बघताहेत आणि दारात पोर्तोकालोस कुळाची फौज उभी. वरमाय हॅरिएटनं येताना केक आणलाय, मध्ये भोक असलेला 'बंट' केक. तूलाची आई मारिया तो हातात घेते, उलटसुलट बघते, नाव विचारते. हॅरिएट पुन्हा पुन्हा उच्चार करून सांगते. मारियाला ते शेवटपर्यंत जमत नाही. केकला भोक आहे एवढंच तिला कळतं आणि त्याचंच तिला वाईट वाटतं. थोड्या वेळानं ती तोच केक मिरवत बाहेर आणते. भोकात तिनं फुलांची छोटी कुंडी बसवलेली असते. खोट दुरुस्त केल्याचं समाधान चेहऱ्यावर मावत नाही.

बऱ्याच परीक्षणांत या प्रसंगाचा उल्लेख 'संस्कृतींच्या टकरीचा विनोद' एवढाच येतो. तो आहेच. पण कुंडी बसवणारी बाई चेष्टा करत नाहीये. पाहुणीनं आणलेली वस्तू अपुरी निघाली तर तिची अब्रू जाऊ नये म्हणून यजमानीण धडपडते आहे. हसणारा प्रेक्षक त्याच क्षणी स्वतःच्या आईला किंवा मावशीला ओळखतो. याच जेवणात थिया वूला पाहुण्यांना आपल्या मानेतल्या गाठीची कथा साद्यंत ऐकवते. वैद्यकीय तपशिलासह, समोर ताट असताना. तोही अगत्याचाच प्रकार आहे: तुम्ही आता आपले, तुमच्यापासून काय लपवायचं.

आणि पाहुणे गेल्यावर गस काय करतो? रागावतो, पण त्या रागाखाली दुखावलेपण आहे. ही माणसं मध न लावलेल्या टोस्टसारखी कोरडी आहेत, असं तो म्हणतो. प्राणीसंग्रहालयात आल्यासारखं बघत होती म्हणतो. ज्या माणसानं परक्या देशात हॉटेल उभं केलं, घराला खांब लावून ते अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरासारखं केलं, त्याला व्याह्यांच्या गप्प बसण्यात स्वतःची किंमत दिसते. हे सगळं दोन मिनिटांत उरकतं आणि पटकथा पुन्हा विनोदाकडे धावते. इथे 'सिटकॉम' म्हणणाऱ्यांचं खरं आहे. जरा थांबायला हवं होतं.

घडलं काय

परीक्षणांची गोळाबेरीज बरी निघाली. संकलन करणाऱ्या संकेतस्थळांवर सुमारे तीन चतुर्थांश परीक्षणं अनुकूल नोंदली गेली आहेत, सरासरी गुण मात्र मध्यमच. म्हणजे 'आवडला' म्हणणारे पुष्कळ, 'फार आवडला' म्हणणारे थोडे. आकड्यांत हा फरक सहज झाकला जातो.

वितरकांनी मात्र एक शहाणपणाचा निर्णय घेतला होता. मोठ्या जाहिरातीला पैसा नव्हताच. म्हणून आधी ग्रीक-अमेरिकन चर्च आणि समाजमंडळं गाठली, त्यांच्यातून बातमी पसरू दिली, आणि जिथे गर्दी टिकते आहे तिथे थिएटरं हळूहळू वाढवली. सिनेमा एकदम सगळीकडे सोडला असता तर 'स्पायडर-मॅन'च्या लाटेत पंधरा दिवसांत उतरला असता. इथे उलट झालं. मे गेला, जून गेला, कमाई घसरायच्या ऐवजी चढत राहिली. ऑगस्टअखेरच्या लेबर डेच्या सुट्टीत, विसाव्या आठवड्यात, त्याची सर्वांत मोठी आठवडाअखेर झाली आणि तो यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचला. पहिला क्रमांक त्याला कधीच मिळाला नाही. शरद ऋतूत तो दोन हजारांहून अधिक थिएटरांत होता.

शेवटी अमेरिका-कॅनडातला गल्ला २४ कोटी १४ लाख डॉलर, जगभरात सुमारे ३६ कोटी ८० लाख. उत्तर अमेरिकेत त्या वर्षी पाचवा. एकदाही पहिला क्रमांक न मिळवता सर्वाधिक कमाई करणारा सिनेमा, हा त्याचा विक्रम २०१६ च्या 'सिंग'नं मोडेपर्यंत टिकला.

या सगळ्या काळात संपादकांपुढे एक निर्णय उभा होता आणि तो बहुतेकांनी घेतलाच नाही. ऑगस्टमध्ये सिनेमाबद्दल लेख आले, पण ते 'हे कसं काय घडलं' छापाचे, आकड्यांचे, तोंडी प्रसिद्धीच्या नवलाईचे. सिनेमा पुन्हा पाहून, आपलं एप्रिलमधलं वाचन कुठे तोकडं पडलं हे तपासणारं लेखन फार कमी. वितरणाची चतुराई हेच यशाचं स्पष्टीकरण ठरलं. चतुराई होतीच. पण चर्चच्या सूचनाफलकावरून पहिला प्रेक्षक येतो; विसाव्या आठवड्यातला प्रेक्षक ग्रीक नसतो.

अकरा सप्टेंबरनंतरच्या वर्षात लोकांना ऊब हवी होती, असं म्हणायचाही मोह होतो. ते सिद्धही करता येत नाही आणि खोडताही येत नाही. त्याच वसंतात मीरा नायर यांचा 'मान्सून वेडिंग' अमेरिकेत चालू होता. व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सुवर्णसिंह मिळवलेला, समीक्षकांनी मनापासून नावाजलेला, तोही लग्नघराचाच सिनेमा. त्याचा अमेरिकेतला गल्ला सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर झाला, आणि तीन भाषांतल्या, उपशीर्षकं लागणाऱ्या, घरातल्या लैंगिक शोषणाला हात घालणाऱ्या सिनेमासाठी तो उत्तमच होता. दोघांची तुलना फार ताणू नये. एवढं मात्र दिसतं की त्या लग्नाबद्दल लिहिताना समीक्षकांनी कुटुंबाकडे नीट पाहिलं. ग्रीक लग्नाबद्दल लिहिताना त्यांची नजर नवरानवरीवर राहिली, कारण त्याच्यावर 'रोमँटिक कॉमेडी'ची चिठ्ठी चिकटलेली होती.

ऑस्कर आणि मालिका, महिन्याच्या अंतरानं

पुरस्कारांच्या हंगामात गोल्डन ग्लोबची दोन नामांकनं मिळाली, विनोदी सिनेमा आणि अभिनेत्री. स्वतंत्र सिनेमांच्या इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांत वार्डालोसला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. ऑस्करला एकच नामांकन, मूळ पटकथेचं. स्पर्धेत 'टॉक टू हर', 'फार फ्रॉम हेवन', 'गँग्ज ऑफ न्यूयॉर्क' आणि 'ई तू मामा ताम्बिएन'. पुरस्कार पेद्रो आल्मोदोवार यांच्या 'टॉक टू हर'ला गेला आणि त्याबद्दल कुणी तक्रार करू नये. पण कारागिरीत कच्चा म्हणून हिणवलेल्या सिनेमाची पटकथा त्या पंगतीत बसली, ही नोंद महत्त्वाची. लिहिणाऱ्यांनीच ती नामांकित केली होती.

आता योगायोग पाहा. ऑस्कर सोहळा २३ मार्च २००३ चा. त्याच्या महिनाभर आधी, २४ फेब्रुवारीला, सीबीएस वाहिनीवर 'माय बिग फॅट ग्रीक लाइफ' ही मालिका सुरू झाली होती. एप्रिलपासून ज्याला 'सिटकॉम' म्हणत होते त्याचा खराखुरा सिटकॉम. आईबाप तेच, थिया वूला तीच, भाऊ तोच. कॉर्बेट नव्हते, म्हणून नवरा दुसरा आला आणि त्याचं नावही बदललं. नायिकेचं नाव तूलाऐवजी निया झालं. सुरुवातीला लोकांनी कुतूहलानं पाहिलं. सात भागांत मालिका संपली.

या प्रकरणात हा आपोआप झालेला प्रयोगच म्हणायचा. सिनेमा म्हणजे फक्त विनोदांची माळ आणि ओळखीची पात्रं एवढंच असतं तर मालिका चालायला काय हरकत होती? पात्रं तीच होती, विनोदही त्याच जातीचे. गेलं ते एकच. सिनेमातला बाप दीड तासात थोडासा बदलतो. लग्नात उभा राहून दोन्ही कुळांना एका टोपलीत बसवणारं भाषण करतो आणि मुलीला घर भेट देतो. अर्थात ते घर स्वतःच्या घराशेजारीच असतं. बदलला म्हणून किती बदलणार. साप्ताहिक मालिकेत बापाला बदलून चालत नाही. पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा तोच हट्टी बाप व्हावं लागतं. तेव्हा उरतो फक्त फवारा.

पुढचे भाग

यावर वेळ घालवायची गरज नाही. २०१६ मध्ये कर्क जोन्स यांनी दिग्दर्शित केलेला दुसरा भाग आला. परीक्षणं बहुतांशी प्रतिकूल, कमाई पहिल्याच्या मानानं किरकोळ. २०२३ मध्ये वार्डालोसनं स्वतः दिग्दर्शित केलेला तिसरा भाग आला, कुटुंब ग्रीसला गेलं, आणि परीक्षणं पुन्हा थंड. मायकेल कॉन्स्टँटाइन २०२१ मध्ये वारले होते. दुसऱ्या भागात गोतावळा एवढा मध्यभागी आला की बापलेकीची गाठ सैल पडली, तिसऱ्यात तर बापच नव्हता. समीक्षकांनी या वेळी पुनरावृत्तीवर बोट ठेवलं ते रास्त होतं. पण पुनरावृत्ती कशाची आणि हरवलं काय, हे सांगायला पहिल्या भागाचं वाचन नीट झालेलं असायला हवं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

एप्रिलमध्ये लिहिणाऱ्याला ऑगस्ट दिसत नव्हता, तेव्हा कमाईचा अंदाज चुकला म्हणून त्याला बोल लावायचं कारण नाही. तो अंदाज त्याचं कामच नव्हतं. पण तीन परिच्छेदांच्या जागेतही एक गोष्ट शक्य होती. नायक अडत नाही हे लक्षात आलं तेव्हा 'संघर्ष कमी पडतो' असं लिहून न थांबता, मग संघर्ष आहे कुठे, हा पुढचा प्रश्न विचारायचा. एक वाक्य पुरलं असतं.

'सिटकॉम'चा शेरा मी आहे तसा ठेवला असता, पण त्याला जोड दिली असती. कोणते प्रसंग मालिकेसारखे आहेत आणि कोणते नाहीत? विंडेक्स पहिल्या गटात. केकमधली कुंडी दुसऱ्या. ट्रॅव्हल एजन्सीचा डाव मधोमध. एवढं वेगळं करून दिलं असतं तर वाचकाला शेऱ्यापेक्षा जास्त काही हाती लागलं असतं, आणि फेब्रुवारीत मालिकेचे निर्माते कदाचित वेगळ्या गोष्टी उचलून गेले असते. अर्थात वाहिन्या परीक्षणं वाचून मालिका काढत नाहीत, हेही आहेच.

साचेबद्धपणाच्या आक्षेपाला अधिक कष्ट हवे होते. आपलं व्यंगचित्र आपणच काढलं तर ते कितपत माफ, हा खरा अवघड प्रश्न होता. वार्डालोस ग्रीक होती, किस्से तिच्या घरातले होते, पण पडद्यावर आल्यावर ते सगळ्या ग्रीकांचे होतात. एखाद्या ग्रीक-अमेरिकन लेखकाला शेजारी अर्धा रकाना दिला असता तर या प्रश्नाला निदान दोन बाजू दिसल्या असत्या.

संपादकांसाठी सूचना साधी आहे. हळूहळू पसरणारा सिनेमा दुसऱ्यांदा परीक्षणाला घ्यावा, शक्यतो दुसऱ्या व्यक्तीकडून आणि भरलेल्या थिएटरात बसून. खास खेळात चारदोन समीक्षकांसोबत पाहिलेला विनोदी सिनेमा आणि ज्याच्या शेजारी तीन पिढ्या बसल्यात तो सिनेमा, यांतलं हसू वेगळ्या ठिकाणी येतं. कुठे येतं हे टिपणं ही बातमी नव्हे, समीक्षेचंच काम आहे.

एका आक्षेपाचं मात्र काय करायचं हे मला अजून उमगलेलं नाही. मिलर कुटुंब पातळ आहे, असं अनेकांनी लिहिलं. त्यांना इतिहास नाही, भीती नाही, घरात एकही वस्तू लक्षात राहण्याजोगी नाही. ते बापाच्या नजरेतून दिसतात म्हणून कोरडे आहेत असा बचाव करता येतो, पण कॅमेरा त्यांच्या डायनिंग टेबलापाशीही जातो, गस नसतानाही, आणि तिथेही ते तितकेच कोरडे असतात. पुढच्या भागांतही त्यांना काही मिळालं नाही. हॅरिएटनं तो केक का आणला, स्वतः केला की विकत घेतला, त्यात कुंडी पाहून तिला नेमकं काय वाटलं, हे वार्डालोसनं लिहायला हवं होतं आणि तिनं ते लिहिलं नाही.